वरची धार

मराठी ताटाला डावी आणि उजवी अशा दोन बाजू असतात. उजवीकडे भाजी, आमटी, उसळ ही घरातली कर्ती मंडळी बसतात. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर अशी थोडक्या जागेत भागवून घेणारी. पंगतीत वाढायला सुरुवात मात्र मिठापासून, म्हणजे डावीकडूनच होते. भाषेनेही या लहानांची वेगळी नोंद ठेवली आहे. त्यांना आपण 'तोंडी लावणे' म्हणतो. आणि शिरूर-दौंडकडच्या बोलीत भाकरीबरोबर जे काही ओले, तिखट वा आंबट हाताला लागेल त्याला 'कोरड्यास' म्हणतात. कोरड्या भाकरीला सोबत हवी, एवढाच त्या शब्दाचा सरळ अर्थ. भाकरी एकटी पडू नये म्हणून केलेली ती तजवीज होय.

या डाव्या बाजूविषयी, आणि त्यातही विस्तवावर भाजलेल्या भाज्यांवर अगदी शेवटी जे ओतले जाते त्याविषयी, आम्ही येथे चार शब्द लिहिणार आहोत. कच्च्या तेलाची धार, चरचरीत फोडणी, दह्याची कवडी, चिंचेचा कोळ, लिंबाचे चार थेंब. धर्मगुरूने स्वयंपाकघरात का डोकवावे, अशी शंका कोणाच्या मनात येईल. पण ज्या प्रभूने आपली स्मृती भाकर आणि द्राक्षरस यांच्या स्वाधीन केली, त्याच्या सेवकाला स्वयंपाकघर परके कसे वाटावे?

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुके. शिरूरला जुनी माणसे अजूनही घोडनदीच म्हणतात; ती नदी ओलांडली की नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा लागतो. दौंड वसले आहे भीमेच्या काठी. सह्याद्रीने अडवलेल्या पावसाच्या छायेतला हा मुलूख. धरणाचे व कालव्याचे पाणी जेथे पोहोचले तेथे ऊस उभा राहिला. जेथे पोहोचले नाही तेथे ज्वारी, बाजरी आणि आभाळाकडे लागलेले डोळे. अशा मुलखात भाजणे ही चैन नव्हे, ती काटकसर आहे. भांडे नको, पाणी नको, मसाल्याचा डबा नको. चार गोवऱ्या पेटवल्या की वांगे, कांदा, रताळे, मिरची, जे असेल ते राखेत सारता येते.

या भाजण्याचे खरे वैभव हुरड्याच्या दिवसांत पाहावे. नाताळ उलटता उलटता रब्बीच्या ज्वारीच्या कणसात दूध भरते. शेताच्या कडेला खड्डा काढून गोवऱ्यांची आगटी पेटवतात, कोवळी कणसे निखाऱ्यांत खुपसतात आणि ऊन ऊन कणीस तळहातांत चोळून हिरवे दाणे पुढ्यात टाकतात. त्यासोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, गूळ आणि दही. त्याच आगटीच्या कडेला कोणी वांगी व कांदे पुरून ठेवतो. राखेतून काढलेला कांदा मुठीच्या एका बुक्कीने फोडायचा, वरची करपलेली साल फेकायची, आणि आतल्या गोड पाकळ्यांवर मीठ, चटणी व तेलाची धार सोडायची. रताळ्याला तेल मानवत नाही. त्याला हवा चिंचगुळाचा कोळ. चिंच आमच्याकडे मुबलक. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली या गावाने तर मोर आणि चिंच दोन्ही आपल्या नावात गोवली आहेत. गूळ दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांचा. चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळावी, तीत गूळ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ व किंचित तिखट घालून दाटसर होईपर्यंत उकळावे, आणि सोललेल्या रताळ्यांच्या चकत्यांवर ते ओतावे. उपवासकाळातील शुक्रवारी मांसाविना जेवण फिके वाटते, असे म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

या सर्वांचा राजा म्हणजे भरीत. मोठे जांभळे वांगे घ्यावे, त्याला तेलाचा हात पुसून दोन-चार ठिकाणी टोचावे, म्हणजे ते विस्तवावर फुटत नाही. साल पूर्ण काळी पडून अंग मऊ झाले की उतरवावे. सोलताना ते पाण्याखाली धरू नये. धुराचा वास वाहून जातो, आणि त्या वासासाठीच तर आपण एवढा वेळ विस्तवाजवळ बसलेलो असतो. मग भाजलेली हिरवी मिरची, लसूण, कच्चा कांदा, दाण्याचे कूट, कोथिंबीर. मीठ मात्र पानावर बसण्याच्या बेताला घालावे, कारण ते पाणी सोडायला लावते. दही घालायचे तर भरीत निवल्यावर घालावे. गरम भरतात दही फाटते. फोडणी द्यायची तर तेल तापवून आधी मोहरी तडतडू द्यावी, मग जिरे व हिंग. तिखटपूड भांडे खाली उतरवल्यावरच घालावी, नाहीतर ती करपून कडू होते. आणि यांपैकी काहीच करायचे नसेल तर भरताच्या मध्यभागी बोटाने खळगा करून त्यात कच्चे तेल ओतावे. आमच्या भागातील जाणत्यांचे मत विचाराल तर हा शेवटचा प्रकारच अस्सल.

हे सारे शेवटीच का? यामागे केवळ रिवाज नाही. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यात असतो ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून खर्ड्यावर तेल पडले की तिखट एका जागी डंख न मारता सर्वत्र सारखे पसरते. लसूण कच्ची ठेचली की तिचा उग्र दर्प निर्माण होतो. आधीच भाजली तर तो दर्प घडवणारा घटक उष्णतेने निकामी होऊन लसूण गोड लागते. लिंबाचा आणि कोथिंबिरीचा सुवास विस्तवावर टिकत नाही. थोडक्यात, काही गुण असे असतात की ते आगीतून नेले तर नाहीसे होतात. आग आपले काम करून बाजूला झाली की मगच त्यांनी यायचे असते. शिरूरकडच्या एका वृद्ध बाईंनी हेच आम्हांला फार थोड्या शब्दांत सांगितले होते. भरतावर तेल सोडताना त्या म्हणाल्या, "फादर, जाळानं त्याचं काम केलं. आता निववायचं काम तेलाचं."

'निववणे' हा त्यांचा शब्द आमच्या मनात घर करून राहिला आहे. निववणे म्हणजे थंड करणे नव्हे. पोळलेल्या अंगाला हळुवारपणे शांत करणे म्हणजे निववणे. त्यासाठी वापरलेली वस्तू आधीच्या सोसण्याला झाकत नाही. भरतावर तेल ओतले म्हणून धुराचा वास लपत नाही. उलट तो अधिक खुलतो. अलीकडे नगर आणि सोलापूर रस्त्यांच्या आजूबाजूला शहरी पाहुण्यांसाठी हुरड्याचे बेत होतात. तेथे भाजलेल्या कणसांवर आणि बटाट्यांवर बाटलीतला लाल सॉस व पांढरे मेयॉनीज पसरलेले दिसते. मुलांना ते आवडते, आणि मुलांच्या आवडीवर रागावण्याचे वय आमचे राहिलेले नाही. एवढेच जाणवते की त्या आवरणाखाली कणीस काय, बटाटा काय आणि रताळे काय, सर्वांची चव एकच होते. झाकणे आणि निववणे यांत हा फरक आहे.

ते निववणारे तेल आमच्या भागात मूळचे करडईचे. रब्बीच्या ज्वारीत करडईच्या ओळी पेरीत, आणि शेताच्या कडेनेही तिचे पट्टे असत, कारण तिच्या काट्यांमुळे गुरे पिकात तोंड घालीत नाहीत. म्हणजे तीच वनस्पती शेताचे कुंपण आणि तीच ताटातील तेल. पुढे पाणी आले, ऊस आला. काटे सोसून करडई काढायला मजूर मिळेनासे झाले. 1994 साली पामतेलाची आयात खुली झाली आणि स्वस्त तेलाचे डबे वाडीवस्तीपर्यंत पोहोचले. करडईचे पट्टे हळूहळू पुसट झाले. स्वस्त तेलाने गरिबाच्या कढईला आधार दिला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते तेल तळण्याचे. कच्चे ओतण्याचे नव्हे. त्यामुळे डब्यात तेल असूनही ताटातली धार कमी झाली.

घाण्याचा विषय निघाला की दौंड तालुक्यातील केडगावची आठवण व्हावीच. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ, उपाशी मुली व विधवा आणल्या आणि केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभे केले. तेथे त्या मुलींना शेती, विणकाम, छपाई यांबरोबर तेल गाळण्याचेही काम शिकवले जाई. रमाबाई आपल्या कॅथलिक मंडळीच्या नव्हत्या. पण ज्या बाईने मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले आणि उपाशी मुलींच्या हाती घाणा दिला, तिच्यापुढे कोणत्याही ख्रिस्ती माणसाचे मस्तक नम्र व्हावे. येशूने ज्या बागेत वेदनेची रात्र काढली त्या गेथशेमाने या नावाचा अर्थही 'तेलाचा घाणा' असाच आहे. दाणा चिरडल्यावाचून निववणारे काही बाहेर पडत नाही, हे घाण्याजवळ काम करणाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

आता थोडे दौंड गावाकडे वळू. दौंडला रेल्वेने घडवले. 1878 साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि हे गाव मोठे जंक्शन बनले. अशा जंक्शनांवर रेल्वेच्या नोकरीबरोबर देशोदेशीची कॅथलिक कुटुंबे आली: गोव्याची, मंगळूरची, तमिळ मुलखातली, अँग्लो-इंडियन. त्यांच्या स्वयंपाकघरात डाव्या बाजूचा मान तेलाला नव्हता, तो आंबटाला होता. गोव्याकडील घरांत माडाच्या सुरेपासून केलेला सिरका असे. भाजलेली वांगी, कांदे आणि मिरच्या चिरून त्यांवर सिरका, ठेचलेली लसूण, मीठ आणि चिमूटभर साखर घातली की त्यांचे तोंडी लावणे तयार. गावाकडची माणसे त्याला नाक मुरडत, आणि रेल्वे वसाहतीतली माणसे कच्च्या तेलाला. एकाच वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्या या दोन घरांची ही दोन चवींची भाषा.

पण प्रभूने सांगितलेल्या दाखल्यात या दोन्ही चवी एकत्र आहेत. यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाच्या जखमांवर त्या शोमरोन्याने तेल आणि द्राक्षरस दोन्ही ओतले, असे संत लूक सांगतो. आंबट रस जखम धुऊन काढतो व झोंबतो, तेल निववते. एकाने भागत नाही. ख्रिस्तसभेने त्यांतील तेलाला संस्काराचे स्थान दिले. 'ख्रिस्त' या शब्दाचा अर्थच मुळी तेलाने अभिषेक झालेला. रुग्णाभ्यंगासाठी शतकानुशतके जैतुनाचेच तेल लागे. मात्र 30 नोव्हेंबर 1972 रोजी परमगुरुस्वामी सहावे पॉल यांनी जैतून दुर्मीळ असलेल्या प्रदेशांचा विचार करून अन्य वनस्पतींचे तेलही चालेल अशी मोकळीक दिली. म्हणजे आपल्या शेताच्या कडेची काटेरी करडईदेखील, विधिपूर्वक आशीर्वादित झाली तर, मरणाच्या दारातील माणसाच्या कपाळावर जाण्यास पात्र ठरली. ज्या घरांत आम्ही हा संस्कार घेऊन जातो तेथे रुग्णाचे आप्त अनेकदा घाबरतात. आता सारे संपले असे त्यांना वाटते. त्यांना आम्ही त्या वृद्ध बाईंचे वाक्य सांगतो. जाळाने त्याचे काम केले आहे. आता निववायचे काम.

आंबटाचे स्थान शोधायचे तर जुन्या करारातील रूथच्या ग्रंथाकडे जावे लागते. सेमिनरीत हिब्रूचे धडे गिरवताना या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायातील चौदाव्या वचनापाशी आम्ही थबकलो होतो. सातूच्या कापणीचे दिवस. बवाजाच्या शेतात सरवा वेचायला आलेली रूथ ही विधवा, परकी आणि मवाबी. मवाब्यांना परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही असे अनुवादाचे पुस्तक बजावते. जेवणाच्या वेळी तो शेतमालक तिला जवळ बोलावतो, आपला घास आंब्यात बुडव म्हणतो, आणि तिच्या हातावर भाजलेले दाणे ठेवतो. मूळ भाषेत भाजलेल्या दाण्यांना 'कली' आणि त्या आंबलेल्या द्राक्षरसाला 'होमेत्स' असे शब्द आहेत. वाचकहो, हा हुरडाच नव्हे काय? भाजलेले धान्य, वर आंबटाची वाटी, आणि कापणी करणाऱ्यांच्या रांगेत एका परक्या बाईची जागा. भाकर कोणालाही दुरून टाकता येते. भिकाऱ्यालाही आपण ती देतोच. पण आपल्या वाटीत दुसऱ्याला घास बुडवू देणे ही निराळी गोष्ट आहे. त्या एका वाटीने रूथ मंडळीबाहेरची राहिली नाही. संत मत्तयाने प्रभूच्या वंशावळीत तिचे नाव घेतले. आणि शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूनेही घास बुडवून दिला तो यहूदाला, जो त्याला धरून देणार होता.

या वाटीची किंमत आम्हांला दौंडकडच्या एका उसाच्या फडात कळली. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार येतात. नवराबायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात; माणसे मोजायची ही रीतच त्यांचे जिणे सांगून जाते. काही वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात आम्ही धर्मग्रामातील काही तरुण व वडीलधारी मंडळी घेऊन त्यांच्या कोप्यांवर गेलो. गाणी झाली, मुलांना करंज्या आणि केक वाटून झाले. आम्ही निघणार, तोच फडातून परतलेल्या एका बाईने तीन दगडांच्या चुलीवर मिरच्या आणि तीन वांगी टाकली. भाजली, सोलली, दगडाने ठेचली. कोपीच्या मेढीला अडकवलेल्या लहानशा बाटलीतून मधल्या खळग्यात तेल सोडले. बाटली जवळजवळ रिकामी झाली. मग परात पुढे करून ती म्हणाली, "आमच्या हातचं चालंल का तुमाला?"

क्षणभर कोणी बोलले नाही. त्या स्तब्धतेत आमच्यातील दोन्ही प्रकारची माणसे होती: ज्यांच्या आजा-पणजांना गावात वेगळ्या भांड्यातून पाणी मिळत असे ती, आणि ज्यांच्या घरी अशी वेगळी भांडी ठेवलेली असत ती. मिस्सामध्ये शेजारीशेजारी उभे राहून शांतीची खूण देणारे ते हात तेव्हा आपापल्या जागी थबकले होते. आम्ही परातीकडे वळतो न वळतो तोच आमच्याही आधी रेल्वेतून निवृत्त झालेले एक गोवेकर गार्ड गुडघे दुखत असतानाही जमिनीवर मांडी घालून बसले. भाकरीचा तुकडा मोडला, खळग्यात बुडवला, खाल्ला, आणि म्हणाले, "ताई, मीठ जरा कमी आहे. आहे का जवळ?"

पाहुणा स्तुती करतो. मीठ कमी आहे असे घरचा माणूस म्हणतो. ती बाई खळखळून हसली आणि मीठ आणायला आत गेली. ती येईपर्यंत सगळी मंडळी परातीभोवती बसली होती. सारफथच्या विधवेचे पीठ आणि तेल संपले नाही, असे शास्त्र सांगते. त्या संध्याकाळी तेल खरोखरच संपले. तरुणांनी दुसऱ्या दिवशी सायकलवरून तेलाची पिशवी नेऊन दिली, त्यात चमत्कार काही नव्हता. पण आदल्या दिवशी ज्यांचा हात अडखळला होता त्यांच्यापैकीच एकाने ती नेली, याची नोंद आम्ही येथे करून ठेवतो.

हे सारे लिहिण्याचे कारण असे की आपल्या अनेक धर्मग्रामांत सणाच्या जेवणाला आजही दोन रांगा आपोआप पडतात. कोणी कोणाला उठवत नाही, कोणी काही बोलत नाही. नोकरदार वसाहतीतील कुटुंबे एका बाजूला बसतात, वाड्यावस्त्यांवरची दुसऱ्या बाजूला. आणि दोहोंच्या आत जुन्या जातींच्या पुसट रेघा असतातच. करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा संत पौलाने त्यांना स्पष्ट सुनावले की हे प्रभुभोजन नव्हे. आपल्याकडे कोणी उपाशी राहत नाही, एवढ्या समाधानावर आपण थांबायचे काय? पोट सर्वांचे भरते. वाटी मात्र वेगळी राहते.

उपाय मोठा सांगण्याची आमची पात्रता नाही. या नाताळानंतर हुरड्याचे दिवस येतील. धर्मग्रामाच्या अंगणात एक आगटी पेटवावी. वांगी, कांदे, रताळी, कणसे ज्याने त्याने आपल्या घरून आणावीत. कोणी करडईचे तेल आणावे, कोणी सिरका, कोणी चिंचेचा कोळ. परात मात्र एकच ठेवावी, मधोमध, आणि लोकांना तिच्याभोवती गोल बसवावे, कारण गोलात रांगा पडत नाहीत. मीठ थोडे कमीच घालावे. कोणीतरी ते मागेल, आणि मागणारा कोणत्या आळीतला आहे हे पाहण्याच्या आत दुसरा कोणीतरी ते आणायला उठेल.